रस्ता नेमका कुणाचा?

सकाळी दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून वाडीतून तालुक्याला निघालेला शेतकरी तासाभरात चार सरकारांच्या रस्त्यांवरून जातो. वाडीतली सिमेंटची गल्ली ग्रामपंचायतीची. वेशीबाहेर पडल्यावर शेजारच्या गावाला जोडणारा डांबरी रस्ता म्हणजे ‘ग्रामीण मार्ग’. तो आणि त्याच्याहून जरा मोठा ‘इतर जिल्हा मार्ग’ जिल्हा परिषदेकडे असतात. फाट्यावर ‘प्रमुख जिल्हा मार्ग’ किंवा राज्य मार्ग लागला की तिथून सार्वजनिक बांधकाम खात्याची, म्हणजे राज्य सरकारची हद्द. पुढे राष्ट्रीय महामार्ग आला की मालक थेट दिल्लीत. चाकाखाली रस्ता सलग असतो, पण खड्डा पडला तर कुणाच्या दारात जायचे, हे दर काही किलोमीटरला बदलत जाते. गावातली तक्रार मात्र सगळी सरपंचाकडे येते, आणि त्याच्या हातात असते ती फक्त पहिली गल्ली.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधिमंडळ, संसद ही उतरंड आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या तक्त्यात पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. हा तक्ता कारभारात कसा उतरतो ते पाहायचे तर प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट तपासावी लागते. निर्णय कोण घेतो, पैसा कोण देतो आणि जाब कुणाला विचारता येतो? ही तिन्ही उत्तरे एका ठिकाणी भेटली तर कामे होतात. ती तीन वेगळ्या गावांना गेली, तर माणसे कितीही चांगली असोत, फाईल फिरत राहते. महाराष्ट्राला याचे दोन्ही अनुभव भरपूर आहेत.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली आणि २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानात नागौर इथे नेहरूंच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. मेहता समितीने भर दिला होता तो तालुका पातळीवर. महाराष्ट्र राज्य झाल्याबरोबर, १९६० मध्येच, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिने विचार करून वेगळी वाट धरली. दवाखाना, शाळा, रस्ता, पाझर तलाव ही कामे पेलायची तर इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षण अधिकारी अशी माणसे लागतात, आणि ती सांभाळण्याइतका आवाका जिल्ह्याचाच असतो, असे तिने मांडले. म्हणून आपल्याकडे बळकट झाली ती जिल्हा परिषद. १९६१ च्या कायद्याने तिचा पाया घातला गेला आणि १ मे १९६२ पासून ती कामाला लागली.

त्या समितीच्या आणखी दोन निर्णयांना मी फार मोल देतो. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे सदस्य करायचे नाही, हा पहिला. कलेक्टरला तिच्याबाहेर ठेवायचे, हा दुसरा. त्यासाठी जिल्हा परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. त्यामुळे महाराष्ट्राच्या प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात आजही दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी ही महसुलाची शिडी. ब्रिटिशांनी ती सारा गोळा करायला उभारली आणि तिचे वरचे टोक मंत्रालयाला टेकते. दुसरी ग्रामसेवक, गटविकास अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी यांची. हिच्या प्रत्येक पायरीवर अधिकाऱ्याशेजारी निवडून आलेला माणूस बसतो : सरपंच, सभापती, अध्यक्ष. सातबाऱ्यावरची नोंद चुकली तर तलाठ्याकडे जायचे, गावातला हातपंप बंद पडला तर ग्रामसेवकाकडे. लोक हा फरक अनुभवाने शिकतात. फरकाचे कारण मात्र त्यांना कुणी सांगत नाही. पहिल्या शिडीवर अर्ज करायचा असतो, दुसऱ्या शिडीवर मत देऊन माणूस बदलता येतो.

जिल्हा परिषदेची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र या दोन संस्थांनी ग्रामीण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. तालुक्यातल्या एका सदस्याने सर्वसाधारण सभेत उठून ‘आमच्या केंद्रात सहा महिने डॉक्टर नाही’ असे म्हणणे आणि आरोग्य अधिकाऱ्याला त्याच सभागृहात उत्तर द्यावे लागणे, हे साधे वाटेल. पण मंत्रालयात बसून अमुक गावच्या केंद्राची चौकशी कुणी आपणहून करत नाही. ती करणारा माणूस त्या गटातून निवडून यावा लागतो.

खालच्या स्तराने वरच्याला शिकवावे, याचे सर्वांत मोठे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात एक प्रयोग सुरू करवला. काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि तेही शेतीला, पाण्याला उपयोगी पडेल असे. १९७२ च्या दुष्काळात याच विचाराचा राज्यभर कस लागला. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या लाखो माणसांच्या चुली त्या मजुरीवर पेटल्या. पुढे विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा उभा करायला शहरांतल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईत पगारपत्रकातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम दुष्काळी माण-खटावच्या मजुराच्या मजुरीशी जोडलेली होती. हे काम कुठल्याही ग्रामपंचायतीला जमले नसते. दुष्काळी गावाकडे पैसा नसतो आणि शहरावर कर बसवायचा अधिकार गावाला नाही. एका भागाचे उत्पन्न दुसऱ्या भागाच्या संकटाला लावणे हे राज्याचे काम आणि ते राज्यानेच केले. कुठला बांध घालायचा, कुठल्या शिवारात चर खणायचे, ही माहिती मात्र गावाचीच. २००५ साली संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्या कायद्याने निम्मी तरी कामे ग्रामपंचायतींमार्फत व्हावीत अशी अट घातली.

मग सगळी सत्ता गावाला देऊन टाकावी का? या प्रश्नाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी, फार स्पष्टपणे हात घातला होता. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना पंचायतीत राखीव प्रतिनिधित्व मिळाल्याशिवाय त्यांना तिथे न्याय मिळणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी गाव हा राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला आणि व्यक्तीला पाया मानले. गांधीविचाराच्या अनेक सभासदांना ते रुचले नाही. त्याच महिन्यात के. संतानम यांच्या दुरुस्तीने पंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत, चाळिसाव्या अनुच्छेदात आला. त्यापुढची चाळीसहून अधिक वर्षे तो तिथे केवळ इच्छा म्हणून राहिला.

या वादात मला बाबासाहेबांचे म्हणणे पूर्ण पटते, आणि तरीही गावाच्या हाती सत्ता असावी असे वाटते. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला गावाच्या बहुमतावर सोडून देता येत नाही. पाणवठा कुणासाठी खुला, स्मशानभूमीला जागा कुणाच्या वाट्याची, हे जिथे पिढ्यान्पिढ्या ‘गाव’ ठरवत आले तिथे नागरिकाच्या पाठीशी वरचा कायदा उभा असावाच लागतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने या दोन विचारांची गाठ घातली. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायतींना घटनेचा आधार मिळाला, पाच वर्षांची मुदत आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग मिळाला. त्याच दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या. म्हणजे सत्ता गावाला दिली आणि तिच्यावरची अट संसदेने घातली. महाराष्ट्राने स्त्रियांसाठी ३० टक्के राखीव जागा त्याआधीच, १९९० मध्ये केल्या होत्या. २०११ मध्ये त्या ५० टक्के झाल्या.

‘सरपंचपती’ कारभार हाकतो, बाई सहीपुरती, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि अनेक गावांत ती खरीही आहे. पण तेवढ्यावर थांबणे अन्याय ठरेल. सहीसाठी का होईना, पंचायतीच्या खुर्चीत बसलेल्या बाईला चेक कशाचा, ठराव कशाचा हे दोन वर्षांत कळू लागते. दुसऱ्या खेपेला ती स्वतः प्रश्न विचारते. पाण्याची टाकी कुठे बांधायची हा विषय निघाला की डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईला वाडीचे शेवटचे घर दिसते. हा फरक मी गावोगाव पाहिला आहे आणि राखीव जागांच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा मला लागत नाही.

लोकशाहीच्या सगळ्या स्तरांत एकच असा आहे जिथे कुणी कुणाचा प्रतिनिधी नसतो, आणि तो म्हणजे ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद. तिला निवडणूक नाही, मुदत नाही, ती बरखास्तही होत नाही. प्रत्यक्षात ती कशी भरते? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. शाळेसमोर किंवा समाजमंदिरात सतरंजी, टेबल, त्यावर प्रोसिडिंगची वही. ग्रामसेवक मागील सभेचे इतिवृत्त वाचतो. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी तेवढी माणसे गणपूर्तीला हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही शेवटची तरतूद सोयीसाठी केलेली असली तरी पुष्कळ गावांत पळवाट झाली आहे. मोजकी डोकी, मग संध्याकाळी घरोघर फिरून सह्या. घरकुलाची यादी, गावच्या विकास आराखड्यातली कामे, सगळे त्या सह्यांवर मंजूर होते. ज्याचे नाव यादीतून गळले तो नंतर तालुक्याला हेलपाटे घालतो, आणि तिथे त्याला त्याच्याच गावाचा ठराव दाखवला जातो.

याच्या अगदी उलटे चित्र गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात आहे. गाव लहान, वस्ती पाचशेच्या आसपास. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. घोषणेपेक्षा कामाची पद्धत जास्त समजून घेण्यासारखी आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावाने दोन बैठका वेगळ्या केल्या. एक अभ्यासगट, जिथे बाहेरचा जाणकारही येऊन बोलू शकतो, वाद होतो, कायदा वाचला जातो, पण निर्णय होत नाही. दुसरी ग्रामसभा, जिथे निर्णय होतो आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. एकाचे जरी मन तयार नसेल तरी विषय पुढच्या सभेवर जातो. वेळ लागतो. पण ४९ जणांवर ५१ जणांनी केलेली मात गावात वर्षानुवर्षे धुमसत राहते, ती इथे उरत नाही.

या गावाला आपला हक्क मिळाला तो मात्र वरच्या स्तराच्या कायद्याने. वनहक्क कायदा संसदेने २००६ मध्ये केला, आणि त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूवर वनखात्याने हक्क सोडला नाही, कारण १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला झाड मानत होता आणि नवा कायदा गौण वनोपज. हक्काचा कागद गावाकडे, वाहतुकीचा परवाना खात्याकडे. बांबू तोडला तरी विकायला नेता येईना. हा गुंता सुटायला २०११ चा एप्रिल उजाडला. केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. कायदा दिल्लीचा, खाते राज्याचे, जंगल गावाचे. तिन्ही स्तर एका दिवशी एका मांडवात आल्यावर बांबू रस्त्याला लागला. एका परवाना पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गडचिरोलीपर्यंत यावे लागले, ही गोष्ट मला अभिमानापेक्षा अस्वस्थ अधिक करते. तालुक्याच्या वन कार्यालयात तेच पुस्तक एका सहीने मिळायला हवे होते.

अधिकार अडतो तसा पैसाही अडतो. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. छोट्या गावात यातून शिपायाचा पगार आणि विजेचे बिल भागले तरी पुष्कळ. मोठा आधार वित्त आयोगाचा. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पाच वर्षे ग्रामीण भागाचा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्याने तो तिन्ही स्तरांत वाटला, पण २०२१ नंतर त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. पाणी-स्वच्छता महत्त्वाचीच. तरीही ज्या गावाची नळयोजना चांगली चालते आणि अंगणवाडीचे छप्पर गळते, त्या गावाने काय करायचे? केरळने १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि काय करायचे ते त्यांनाच ठरवू दिले. महाराष्ट्राने जिल्हा परिषदांचा पाया आधी घातला, पण एवढा विश्वास कधी टाकला नाही. उलट शिक्षकांची भरती आणि बदल्यांसारखी कामे हळूहळू मंत्रालयाच्या पोर्टलवर गेली.

आणखी एक योगायोग फारसा कुणी बोलून दाखवत नाही. ज्या १९९३ साली गावांना घटनात्मक सत्ता मिळाली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने खासदारांसाठी स्थानिक विकास निधी सुरू केला. आज तो वर्षाला पाच कोटी रुपये आहे. आमदारांचा निधी वेगळा, आणि ग्रामविकास खात्याचा ‘पंचवीस-पंधरा’ हे लेखाशीर्ष तर गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ. परिणाम असा की कायदे करायला निवडून दिलेला माणूस सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकच्या कामांवर मोजला जातो, आणि ती कामे ज्यांनी करायची त्या जिल्हा परिषद सदस्याला आमदाराच्या पत्रासाठी थांबावे लागते. नाईक समितीने आमदारांना जिल्हा परिषदेच्या सभागृहाबाहेर ठेवले होते. निधीच्या वाटेने ते परत आत आले.

सरपंच कुणी निवडायचा, यावरही आपण स्थिर राहिलो नाही. सदस्यांमधून होणारी निवड २०१७ मध्ये थेट जनतेकडे दिली गेली, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांकडे आणली, २०२२ मध्ये परत जनतेकडे. थेट निवडीत घोडेबाजार टळतो आणि सरपंचाला सगळ्या गावाकडे पाहावे लागते. पण सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचे झाले की मासिक सभेत एकही ठराव सरकत नाही. माझा कल थेट निवडीकडे आहे. पण अशा अडथळ्याहून मोठे नुकसान मला दिसते ते पाच वर्षांत तीनदा नियम बदलण्यात, कारण प्रत्येक बदल मुंबईतल्या सत्तेच्या सोयीने झाला आणि गावांना कुणी विचारले नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र २०२२ नंतर झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, प्रभागरचनेचे कायदे बदलले गेले आणि निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या. त्या वर्षीच्या मार्चपासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि मुंबईसह अनेक महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. निवडणुका घ्या, असा निर्णायक आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. या काळात पगार झाले, टेंडरे निघाली, रस्तेही झाले. पण सर्वसाधारण सभा म्हणजे एका अधिकाऱ्याची सही. आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याचा प्रश्न सभागृहात विचारणारे कुणी उरले नाही.

पोकळी तळाला पडली आणि तिचे हादरे वरपर्यंत गेले. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात. मत द्यायला सदस्यच नाहीत म्हणून त्यांतल्या कित्येक जागा रिकाम्या राहिल्या. जिल्हा नियोजन समितीत घटनेनुसार चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे असतात. ते नसताना जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा कुठल्या तालुक्याला किती, हे पालकमंत्री आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरत गेले. नव्याने निवडून येणाऱ्या सदस्यांनी पहिल्या सर्वसाधारण सभेत, विषय समित्यांच्या वाटणीआधी, एक विषय पत्रिकेवर घ्यावा असे मला वाटते : प्रशासकाच्या काळात मंजूर झालेल्या कामांची गावनिहाय यादी, खर्चासकट. ती यादी मग प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि पुढच्या ग्रामसभेत वाचली जावी.